लंबक तोच, लांबी वेगळी



सन १६७२ मध्ये झां रीशे नावाचा एक फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतील कायेन या गावी गेला. कायेन हे विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम ५ अंशांवर आहे. रीशेजवळ लंबकाचे एक उत्तम घड्याळ होते. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारे हे घड्याळ कायेनला मात्र रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ तर बिघडलेले नव्हते. मग झाले काय? रीशेने लंबकाची लांबी पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास कमी केली, तेव्हा ते पुन्हा बरोबर चालू लागले. याचे कारण पुढे न्यूटनने सांगितले. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि ती स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तेथे गुरुत्वीय त्वरण थोडे कमी भरते. लंबकाचा नियम पॅरिसला जो, तोच कायेनला. लांबी तेवढी स्थळानुसार बदलावी लागते.

ही गोष्ट मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. आज ती सांगण्याचे कारण मात्र वेगळे आहे. त्यासाठी मला माझीच एक चूक तुमच्यापुढे कबूल केली पाहिजे.

एका वाक्याची किंमत

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. पहिल्या बाकावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात बसे. कोणाशी फारसा बोलत नसे, पण फळ्यावर माझे एखादे चिन्ह चुकले की हात वर न करताच सांगे, "उणे पाहिजे." त्याचे म्हणणे बहुधा बरोबर असे. एके दिवशी एका तासात त्याने मला तीनदा थांबवले. मी वैतागून म्हणालो, "तुला सगळेच येते. मग उद्यापासून तासाला आला नाहीस तरी चालेल." वर्ग हसला. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या तासाला दिसेना. रसायनशास्त्राच्या तासाला असे, गणिताला असे. माझ्याच तासाला नसे. मला वाटले, रागावला असेल, येईल आपणहून. तिसऱ्या आठवड्यात त्याची आई भेटावयास आली. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हीच त्याला आला नाहीस तरी चालेल म्हणालात ना? त्याने वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय." वही त्यांच्या पिशवीत होती. माझे वाक्य तीत जसेच्या तसे होते.

तो रागावला नव्हता. मी जे बोललो, तेच त्याने ऐकले होते. आपला मुलगा स्वमग्न आहे हे त्या दिवशी त्या माउलीने मला सांगितले. त्या तीन आठवड्यांत वर्तुळाकार गतीचा संपूर्ण पाठ त्याचा बुडाला. पुढे रोज कॉलेज सुटल्यावर अर्धा तास बसून आम्ही तो भरून काढला. परंतु बुडालेला पाठ भरून काढता येतो. भर वर्गातले ते हसू परत घेता येत नाही.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीत जिला ऑटिझम म्हणतात तिला मराठीत स्वमग्नता असे नाव रूढ झाले आहे. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण ही मुले स्वतःतच बुडून असतात आणि त्यांना इतरांची ओढच नसते असा त्यावरून समज होतो. तो खरा नाही. मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच थोड्या निराळ्या रीतीने होते, त्यामुळे बोलण्यातले सूचक अर्थ, चेहऱ्यावरचे भाव, गोंगाट, प्रकाश, अचानक होणारे बदल यांचा अनुभव या व्यक्तींना निराळा येतो. हा संसर्गजन्य रोग नव्हे, आईवडिलांच्या वागण्याचा परिणाम नव्हे, आणि लसीमुळेही ही अवस्था येत नाही. लसीशी तिचा संबंध सुचवणारा १९९८ चा लेख तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला.

शास्त्रज्ञ तिला वर्णपट म्हणतात. कोणी अजिबात बोलत नाही, त्याला दिवसभर सोबत लागते; तर कोणी विद्यापीठात शिकवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. या प्रमाणाने हजार मुलांच्या शाळेत अशी सात-आठ मुले असावयास हवीत. तुमच्या शाळेत किती आहेत? "एकही नाही" असे उत्तर येत असेल, तर बहुधा ती ओळखली गेलेली नाहीत, किंवा शाळेपर्यंत पोहोचलीच नाहीत.

आठवी-नववीच्या सुमारास या मुलांची अडचण वाढते. लहानपणी मैत्री म्हणजे बरोबर खेळणे. पुढे मैत्री बोलण्यावर चालते, आणि बोलणे निम्मे शब्दांत, निम्मे शब्दांबाहेर असते. तेथे ही मुले एकटी पडतात. हे एकटेपण त्यांना हवेसे असते असे मुळीच नाही.

लॉस एंजेलिसमधील प्रयोग

अशा मुलांना मैत्रीची रीत शिकवता येईल काय? अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन व फ्रेड फ्रँकेल यांनी त्यासाठी एक अभ्यासक्रम तयार केला. त्याचे नाव पीअर्स. जी किशोरवयीन मुले बोलू शकतात पण मैत्री जुळवताना अडखळतात, त्यांच्यासाठी तो आहे. आठवड्यातून एकदा दीड तासाचा वर्ग भरतो. त्याच वेळी शेजारच्या खोलीत आईवडिलांचाही वर्ग असतो आणि दोघांनाही घरचा अभ्यास मिळतो. गप्पा कशा सुरू कराव्यात, चालू गप्पांत कसे शिरावे, कोणी चिडवले तर काय करावे, मित्राला घरी बोलावले तर कसे वागावे, असे एकेक पाऊल शिकवतात.

या अभ्यासक्रमातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी. मुलांनी कसे वागावे याबद्दल मोठी माणसे जे सांगतात, ते त्यात शिकवीत नाहीत. ज्या मुलांना मित्र आहेत ती मुले प्रत्यक्षात कशी वागतात, ते शिकवतात. मोठी माणसे सांगतात, "सरळ त्यांच्यात जा आणि आपले नाव सांग." पण मित्र असलेली मुले असे करीत नाहीत. ती जवळ उभी राहून आधी ऐकतात, विषय समजून घेतात, बोलणे क्षणभर थांबण्याची वाट पाहतात आणि मग त्याच विषयावर एखादे वाक्य टाकतात. मोठी माणसे सांगतात, "चिडवणाऱ्याकडे दुर्लक्ष कर." पण तशाने चिडवणे थांबतेच असे नाही. खांदे उडवून "बरं, मग?" अशा अर्थाचे काहीतरी बोलले, की चिडवण्यातली गंमत संपते. थोडक्यात, हे नियम उपदेशातून आलेले नाहीत, निरीक्षणातून आले आहेत.

या अभ्यासक्रमाची पहिली कसोटी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे दक्षिण कोरिया, हाँगकाँग, इस्राएल, जपान अशा अनेक ठिकाणी तो नेला गेला.

आता लंबकाची गोष्ट आठवा. लॉस एंजेलिसमधील मुलांचे निरीक्षण करून बसवलेले घड्याळ सोलला बरोबर चालेल काय?

कोरियाने काय केले?

कोरियन भाषेत बोलणाऱ्यांच्या वयात वर्षभराचे अंतर असले तरी क्रियापदाचे रूप बदलते. वरच्या वर्गातील मुलाशी बोलताना एक भाषा, बरोबरीच्याशी दुसरी. इंग्रजीत एका 'यू'वर सगळा कारभार चालतो. तेव्हा "गप्पा कशा सुरू कराव्यात" हा इंग्रजी धडा शब्दशः कोरियनमध्ये नेला तर पहिल्याच वाक्याला घोटाळा व्हावयाचा.

कोरियन संशोधकांनी मूळ पुस्तकाचे भाषांतर केले, परंतु ते तेथे थांबले नाहीत. मुलांच्या मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या २१ तज्ज्ञांनी ते भाषांतर तपासले. जे मुद्दे तेथील चालीरीतींत बसणार नाहीत असे वाटले, ते काढून ४४७ शाळकरी मुलांपुढे ठेवले, त्यांचे मत घेतले आणि त्याप्रमाणे मजकूर बदलला. त्यानंतरच १२ ते १८ वर्षांच्या ४७ स्वमग्न मुलामुलींवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला शिक्षण लगेच दिले, दुसऱ्याला नंतर. असे का, हे तुमच्या लक्षात आले असेलच. नुसते वय वाढल्यानेही मूल बदलते. तो बदल वजा करावयाचा तर तुलनेला दुसरा गट हवाच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिकलेल्या गटाची प्रगती दिसून आली.

माझ्या मते या साऱ्यात खरे मोल त्या ४४७ मुलांचे आहे. "तुम्ही मुले खरोखर कशी वागता?" हे त्यांना कोणीतरी जाऊन विचारले. पद्धत पॅरिसची ठेवली, लांबी कायेनची घेतली.

असे बदल कोठे कोठे लागतात पाहा. समोरच्या माणसापासून किती अंतरावर उभे राहावे? पीअर्समध्ये हातभर अंतर शिकवतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ४२ देशांतील जवळजवळ ९ हजार लोकांना हाच प्रश्न विचारला होता. अनोळखी माणसापासून अर्जेंटिनातील लोकांना पाऊण मीटरच्या आसपास अंतर पुरेसे वाटले, तर रुमानियात ते सव्वा मीटरहून अधिक निघाले. नजरेचेही तसेच. फिनलंड व जपान येथील लोकांची तुलना करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात, थेट नजर भिडवणारा चेहरा जपानी लोकांना अधिक रागीट व परका वाटला. तेव्हा "बोलताना डोळ्यांत पाहा" हा काही निसर्गनियम नव्हे. तो एका गावचा रिवाज आहे.

आणि मराठीत?

उद्या असा अभ्यासक्रम मराठीत आणावयाचा झाला तर? आपल्या रोजच्या बोलण्याकडे एखाद्या स्वमग्न मुलाच्या कानांनी ऐकून पाहा.

घरातून बाहेर पडताना आपण "येतो" म्हणतो, आणि जातो! भर दुपारी भेटलेला शेजारी "जेवलास का?" असे विचारतो, पण त्याला आपल्या जेवणाशी काही कर्तव्य नसते. "चहा घेणार?" याला पहिले उत्तर "नको, नको" असे द्यावयाचे आणि यजमानाने ते खरे मानावयाचे नाही. "या एकदा घरी" हे आमंत्रण असतेच असे नाही. भाजीवाली मावशी असते, रिक्षावाला काका असतो, आणि "ती माझी मावशी नाही" असे म्हणणाऱ्या मुलाला आपण उद्धट ठरवतो. कित्येक घरांत आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो'. नव्या वर्गमित्राला 'तू', पण त्याच्याच मोठ्या भावाला काय म्हणावे हे कोठल्याही पुस्तकात नाही. पुण्याची मुलगी "येते" म्हणते, तर कोल्हापूरकडे कित्येक मुली "येतो" म्हणतात. शिवाय एकाच मुलाला शाळेत सांगतात, "माझ्याकडे बघून उत्तर दे," आणि घरी सांगतात, "मोठ्यांकडे असे रोखून पाहू नये."

हे सगळे तुम्हां-आम्हांला कोणी शिकवले? कोणी नाही. ते आपण उचलले. ज्याला ते आपोआप उचलता येत नाही, त्याला समजावून सांगावे लागते. आणि समजावून सांगावयाचे तर आधी आपल्याला ते नीट मांडता आले पाहिजे. इंग्रजी पुस्तकाचे भाषांतर करून हे हाती लागणार नाही. माझ्यासारख्या प्राध्यापकाने टेबलाशी बसून लिहिले तरी लागणार नाही. चिडवणाऱ्याला द्यावयाचे जे उत्तर मी सुचवीन, ते ऐकून तुमचा वर्ग त्या बिचाऱ्यालाच हसेल, कारण ते उत्तर तीस वर्षांपूर्वीचे असेल! ते तुम्हीच सांगू शकता, आणि गडहिंग्लजचे उत्तर दादरच्या उत्तराहून निराळे असेल.

दोन सावधगिरीच्या सूचना

पहिली सूचना मापनाविषयी आहे. या प्रयोगांतील बरीचशी प्रगती प्रश्नावलीवरून मोजलेली असते, आणि ती प्रश्नावली बहुधा त्याच वर्गाला बसलेले आईवडील भरतात. इतकी मेहनत घेतल्यावर मूल सुधारल्यासारखे वाटणे साहजिक आहे. नियम पाठ होणे वेगळे आणि मधल्या सुटीत डबा खाताना शेजारी कोणी बसणे वेगळे. दुसरी गोष्टच खरी मोजावयाची आहे.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. लंबकाची उपमा येथे अपुरी पडते. घड्याळाला मन नसते. त्याची लांबी कमी केली तर त्याला दुखत नाही. मुलाला मात्र "तुझे सगळेच चुकते, आमच्यासारखा वाग" असे दिवसरात्र शिकवले, तर ते आपले मूळ वागणे लपवावयास शिकते. असा मुखवटा सतत घालून राहण्याने माणूस थकून जातो, असे अनेक स्वमग्न प्रौढांनी स्वतः सांगितले आहे.

शिवाय चूक एकाच बाजूची असते काय? दोन गाड्या एकमेकींजवळून जाताना कोणती हलते आहे, हा प्रश्न तुम्ही सापेक्ष गतीच्या पाठात सोडवला आहे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ मध्ये असाच मुद्दा मांडला. स्वमग्न व्यक्तीला इतर लोक कळत नाहीत, तशी इतर लोकांनाही स्वमग्न व्यक्ती कळत नाही. मग अडचण एकट्या तिचीच कशी?

हे तपासण्यासाठी शास्त्रज्ञांनी आपल्या कानगोष्टींसारखाच एक खेळ योजला. पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगावयाची, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांची साखळी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ७२ व्यक्ती होत्या. सर्व स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. मिश्र साखळीत मात्र ती अधिक गळली. पुढे ३११ व्यक्ती घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात मिश्र साखळीही मागे पडलेली दिसली नाही. विज्ञान असेच चालते. मोठा प्रयोग लहान प्रयोगाला दुरुस्त करतो. पण एका बाबतीत दोन्ही प्रयोगांचे एकमत आहे. स्वमग्न माणसे एकमेकांना गोष्ट सांगण्यात कमी पडत नाहीत.

म्हणून माझे मत असे आहे. सामाजिक कौशल्ये अवश्य शिकवावीत, पण परभाषा शिकवतात तशी. बेळगावचे मराठी मूल कन्नड शिकते, बाजारात ती वापरते, घरी येऊन मराठीत बोलते. त्याची मराठी चुकीची आहे असे कोणी म्हणत नाही. आणि निम्मा अभ्यासक्रम उरलेल्या वर्गासाठी असावा. दोन प्रांतांच्या सीमेवर दोघांनीही एकमेकांचे चार शब्द शिकावयाचे असतात.

तुमच्याकडून काय हवे?

आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या दिव्यांगांचा समावेश आहे, आणि त्यांत स्वमग्नता आहे. म्हणजे असे मूल वर्गात असणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे. परंतु कायदा वर्गाचे दार उघडतो; बाकावर शेजारी सरकून जागा तुम्हीच करून द्यावयाची असते.

शिक्षक मित्रांना माझे सांगणे एवढेच. सूचना सरळ शब्दांत द्या आणि फळ्यावर लिहा. उपरोध टाळा, मी तो एकदा केला, त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. उत्तर बरोबर असेल तर ते कोठे पाहून दिले याची चौकशी करू नका. प्रयोगशाळेत गट पाडताना प्रत्येकाचे काम नेमून द्या: वेळ कोणी मोजावयाची, नोंद कोणी घ्यावयाची. "आपापसांत ठरवा" हे वाक्य काही मुलांना गटाबाहेर काढते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही एक प्रयोग करून पाहा. एक वही घ्या. आठवडाभर तुमच्या वर्गात मुले एकमेकांशी कशी बोलतात त्याची नोंद करा. कोणाचेही नाव मात्र लिहू नका. चाललेल्या गप्पांत नवा मुलगा कसा शिरतो? चिडवल्यावर कोणत्या उत्तराने चिडवणे थांबते आणि कोणत्या उत्तराने वाढते? "नाही" कितीदा स्पष्ट म्हटले जाते आणि कितीदा "बघू" म्हणून? आठवड्याच्या शेवटी गुरुजींसमवेत या नोंदी वाचा. जे नियम कोठेच छापलेले नाहीत आणि तरीही तुम्ही सर्वजण पाळता, ते प्रथमच कागदावर दिसतील. आपल्याकडील अभ्यासक्रमाचे पहिले पान असेच कोठल्या तरी वर्गात लिहिले जावे असे मला वाटते.

माझा तो विद्यार्थी बारावी होऊन पुढे गेला. शेवटच्या दिवशी निरोप घ्यावयास आला, तेव्हा मी सवयीने म्हणालो, "येत जा अधूनमधून." तो दारातच थांबला आणि म्हणाला, "केव्हा?"

या वेळी मी विचार करून उत्तर दिले: "दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, चार वाजता."

तो वर्षभर आला. एकदाही उशीर झाला नाही.